दुरुस्त करून वाचावे

बापूराव गेले आणि त्यांच्या तेरवीच्या पंगतीत जो तो म्हणाला, माणूस देव होता. मेलेल्या माणसाबद्दल लोक असं बोलतातच, त्यात बोलणाऱ्याच्या खिशातलं काही जात नाही. पण बापूरावांच्या बाबतीत ते खरं होतं. पाट लावून बायको घरी आणली तेव्हा तिच्या कडेवरची तीन वर्षांची पोरही त्यांनी सोबत आणली, तिला आपलं नाव दिलं, शाळेत घातलं, आणि आपल्या पोराच्या, किशोरच्या आधी तिचे हात पिवळे केले. एवढं करून 'मी केलं' हा शब्द कधी तोंडातून काढला नाही. ती पोर म्हणजे गोपिका. आता त्रेपन्न वर्षांची. नालवाडीच्या पुढे नवऱ्याबरोबर मेथी-पालक-वांगी लावायची, आणि वर्ध्याच्या बाजारात दुकान मांडून स्वतः विकायची. बापूरावांना ती बाबा म्हणे, आणि तेरवीला सगळ्यांत जास्त तीच रडली.

रडून मोकळी झाल्यावर मात्र तिच्या मनात एक विचार आला आणि त्या विचाराची तिची तिलाच शरम वाटली. आता विचारायला हरकत नाही, असा तो विचार होता.

विचारायचं काय, हे तिला शाळेत जायला लागल्यापासून ठाऊक होतं. आपला जन्मदाता दिसायला कसा होता, एवढंच. त्याचं नाव रूपराव डायगव्हाणे. फौजेत जवान होता. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात लग्न करून, महिनाभराची रजा संपवून तो परत गेला, आणि डिसेंबरातल्या लढाईत पश्चिमेकडच्या आघाडीवर कामी आला. गोपिका तेव्हा पोटात होती. तिनं त्याला पाहिलं नाही आणि त्यानं तिला पाहिलं नाही. असे बाप-लेक जगात पुष्कळ असतात. पण इतरांच्या घरी निदान भिंतीवर फोटो असतो.

इथे फोटो नव्हता, कारण पाटाची रीत तशी होती. पाट लागलेल्या बाईनं पहिल्या घरचं काही बरोबर आणायचं नाही. लुगडं नाही, भांडं नाही, फोटो तर नाहीच नाही. पहिल्या नवऱ्याचं नाव नव्या घरात घ्यायचं नाही. घेतलं, तर त्याचा जीव मागोमाग येतो आणि दुसऱ्या कुंकवाला नख लागतं. बापूरावांच्या आईनं हे सुनेला उंबरठ्यावरच सांगितलं होतं, आणि सून, म्हणजे मनकर्णाबाई, शब्दाची अशी पक्की की तिनं ते पन्नास वर्षं पाळलं. सासू मरून गेली तरी पाळलं. बापूराव स्वतः या बाबतीत काहीच बोलत नसत, आणि माणूस इतका भला असला की त्याला दुखवायची भीती जास्तच वाटते. गोपिका त्या भीतीपोटी गप्प राहिली.

तेरवीनंतर थोडा हवापालट म्हणून तिनं आईला आपल्याकडे आणलं. दुपारी दोघी ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या.

"माय, एक इचारू का?"

"इचार ना."

"ते कसे दिसत होते?"

ते कोण, असं मनकर्णाबाईनं विचारलं नाही. तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

"मले नाई आठवत, गोपिका."

गोपिकाला वाटलं, रीत अजून सुटलेली नाही. "बाबा गेले आता. आता सांगतलं त काय होते?"

"खोटं कायले सांगू? नाईच आठवत." मनकर्णाबाईचा आवाज अगदी साधा होता. "आधी दिसत होते. डोये मिटले का समोर येत. मंग मीच म्हतलं, बाई, हे पाप हाय. ज्याच्या घरचं खातं, त्याच्याच घरात दुसऱ्याले पाह्यतं. मंग दिसाले लागले का मी ध्यान दुसरीकडं नेत जाव. चुलीकडं, पोराईकडं. असं करता करता एक दिवस सोताहून पाहाले गेली, त तठी काहीच नव्हतं. तेव्हा मी लय रडली. तुया बाबाले सांगतलं, पोट दुखते."

गोपिकाला आजवर वाटत आलं होतं की आईपाशी तो चेहरा कुलूप लावून ठेवलेला आहे आणि किल्ली फक्त बापूरावांच्या जगण्याशी बांधलेली आहे. कुलपाच्या आत काहीच उरलं नसेल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिला आईचा राग आला, आणि लगेच आईची इतकी दया आली की तिनं समोरची जुडी उगाच दुसऱ्यांदा झटकली.

"घरी फोटो होता ना त्याइचा? वर्दीतला?"

"होता. पयल्या सासूबाई गेल्या तवा त्याइच्या छातीवर ठेवला न् संग जाळला. त्याईनंच सांगून ठेवलं होतं." मनकर्णाबाईनं निवडलेली मेथी टोपलीत टाकली. "पेपरातबी आलता म्हणे. मले कोणी दाखवला नाई. तू पोटात, आठवा महिना नुकताच लागला होता. मामंजी त्या पेपरवाल्यासंग भांडाले नागपूरले गेलते, एवढं याद हाय. काऊन गेलते, ते मले कोणी सांगतलं नाई."

रूपरावाकडचं आता कोणी उरलं नव्हतं. सैनिकांच्या कचेरीत गोपिका मागे एकदा जाऊन आली होती, तिथं नाव होतं, नंबर होता, फोटो नव्हता. राहिला पेपर. जगात तिच्या बापाचा चेहरा उरला असेल, तर तो त्या पेपरात होता.

वर्ध्यात एक जुनं वाचनालय आहे. तिथं स्पर्धा परीक्षांची पोरं पंख्याखाली जागा धरून बसतात आणि म्हातारे लोक त्या पोरांवर खेकसतात. मागच्या खोलीत जुन्या पेपरांचे गठ्ठे आहेत आणि त्यांचा कारभार प्रभाकरराव बघतात. हे निवृत्त मास्तर. पगार नाही, पण रुबाब कलेक्टरचा. भाजीच्या पिशव्या घेऊन आलेली बाई एकाहत्तरचे पेपर मागते, म्हटल्यावर त्यांनी तिला चष्म्यावरून पाहिलं.

"कोणता पेपर?"

"नागपूरचा. तेव्हा आपल्याकडे येत होता तो."

"तो बंद पडून जमाना झाला. तारीख?"

"नऊ डिसेंबरला गेले, असं तारेत होतं. फोटो कधी आला ते माहीत नाही."

"कोण गेले?"

"माझे वडील," गोपिका म्हणाली. हे दोन शब्द रूपरावासाठी तिनं आयुष्यात पहिल्यांदा वापरले, आणि वापरल्यावर तिला चोरी केल्यासारखं वाटलं.

प्रभाकररावांनी डिसेंबरचा बांधीव गठ्ठा काढला, फडक्यानं पुसला, टेबलावर ठेवला आणि सांगितलं की पान वरच्या कोपऱ्यातून धरायचं, थुंकी लावायची नाही, आणि फोटो काढायचा तर मोबाइलचा लाइट मारायचा नाही.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? नऊ तारखेच्या पुढची पानं चाळली असती. गोपिकानं एक तारखेपासून वाचायला घेतलं. का, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं. बाजार उठला की ती रोज दुपारी यायची, पदरानं हात पुसायची आणि पान उघडायची. पिवळ्या पडलेल्या कागदावर बारीक अक्षरं. कपाशीचे भाव. डोकेदुखीच्या गोळीची जाहिरात, तिच्यात एक बाई कपाळाला हात लावून बसलेली. सर्कस आली होती. कुणाची तरी कपिला गाय हरवली होती आणि शोधून देणाऱ्याचं तोंड गोड करण्यात येणार होतं. चार तारखेपासून पहिल्या पानावरची अक्षरं मोठी झाली. विमानं, रणगाडे, मुंबईत काळोख पाळायच्या सूचना, मोटारींच्या दिव्यांना काळा रंग फासायचा हुकूम. बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणावेत असं आवाहन होतं, आणि त्याच्याच बाजूला हिवाळ्यात ओठ फुटू नयेत म्हणून काय लावावं, तेही होतं.

वाचता वाचता तिच्या ध्यानात आलं की या पानांत तिचा बाप जिवंत आहे. चार तारखेला जिवंत आहे, पाच तारखेला जिवंत आहे. या गाईच्या जाहिरातीच्या दिवशी तो कुठंतरी जेवला असेल, कुणाशी तरी दोन शब्द बोलला असेल, आणि इकडे अठरा वर्षांची तिची आई पोटावर हात ठेवून झोपली असेल. हे कळल्यावर तिचं वाचणं फारच मंद झालं. तिनं जाहिराती वाचल्या, निविदा वाचल्या, ज्यांचा तिच्याशी काडीचा संबंध नाही अशा लोकांची राशिभविष्यं वाचली.

"ताई," प्रभाकरराव एक दिवस म्हणाले, "लढाई संपून पन्नास वर्षं होऊन गेली. तुम्ही अजून सहा तारखेवरच?"

"घाई काय आहे, सर?" गोपिका म्हणाली.

प्रभाकररावांना ते काय समजलं कुणास ठाऊक, पण दुसऱ्या दिवसापासून तिच्या खुर्चीवर त्यांनी जुनी उशी आणून ठेवली.

नऊ तारखेचा पेपर तिनं शेवटी वाचला. त्यात तर सगळ्या आदल्या दिवशीच्या बातम्या होत्या. तिला हवा होता तो दिवस दहाच्या पेपरात असणार होता. ते पान उलटायला तिचा हात धजेना. उलटलं तेव्हा दिसलं की त्या दिवशी आघाडीवर आपल्या फौजा पुढे सरकल्या होत्या. थंडी वाढली होती. वांगी स्वस्त झाली होती. तिनं ते पान वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं, आणि कुठंही काही झालेलं नव्हतं. तिला हुंदका आवरला नाही. प्रभाकरराव उठून बाहेरच्या पोरांवर उगाच ओरडायला निघून गेले.

फोटो तीस डिसेंबरच्या अंकात होता. एकाच चौकटीत दोन फोटो, वर 'जिल्ह्याचे वीर सुपुत्र' असं ठळक. डावीकडच्या फोटोखाली: जवान रूपराव डायगव्हाणे, मागे आई-वडील व पत्नी. उजवीकडच्याखाली: जवान लहानू भोयर, आई-वडील लहानपणीच वारलेले, मामाकडे वाढलेला, अविवाहित. गोपिकाच्या डोळ्यांना फक्त डावीकडचा दिसला. रुंद कपाळ. मोठे, बाहेर आलेले कान. ओठ मिटलेले, पण आत हसू दाबून धरलेलं. तिचा हात आपोआप पदराखालून स्वतःच्या कानावर गेला. तिचेही कान मोठेच होते. लहानपणी किशोर तिला त्यावरून चिडवायचा आणि बाबांचा मार खायचा.

घरी गेल्यावर तिच्या मुलीनं, पिंकीनं, मोबाइलवर तो डावीकडचा फोटो मोठा करून आजीपुढे धरला. मनकर्णाबाईनं आधी डोळे पुसले, मग मोबाइल हातात घेतला. आईला ओळख पटली नाही तर काय करायचं, हा प्रश्न गोपिकाच्या मनात वाटभर होता.

"हेच," मनकर्णाबाई म्हणाली. मग हळू आवाजात, "हेच व बाई. हे पाह्य कान. लग्नात अंतरपाट धरला, त मले त्याच्यावरून निस्ते कानच दिसत होते. मी हासली, त मामीनं चिमटा काढला."

आणि मग पन्नास वर्षं बंद असलेलं तोंड उघडलं. ते जेवताना चटणी आधी खात. ते मिशा ठेवणार होते, पण हवालदार नाही म्हणे. रजा संपली त्या दिवशी एसटीत बसताना ते एक शब्द बोलले नाहीत, नुसते कपाळावरून हात फिरवत राहिले, असा, असा. मनकर्णाबाई हात फिरवून दाखवायची आणि पुढचं आठवायचं म्हणून मोबाइलकडे पाहायची. पिंकी म्हणाली, नाकही आईसारखंच आहे. गोपिकाचा नवरा कैलास म्हणाला, हसण्याची ढब पाहा, डिट्टो. बिचाऱ्या सगळ्यांना हवं होतं ते सगळ्यांना दिसत होतं.

गोपिकानं फोटो छापून घेतला, फ्रेम केली आणि समोरच्या खोलीत लावली. आई राहायला आली होती आठ दिवसांसाठी, ती दिवाळी झाली तरी गेली नाही. सकाळी आंघोळ झाली की झेंडूचं फूल फ्रेमवर खोचायची. एकदा किशोर आईला भेटायला आला. फ्रेमपुढे तो जरा घोटाळला, मग त्यानं हात जोडले आणि पुढच्या खेपेला बापूरावांचा फोटो आणून शेजारी लावला. मनकर्णाबाई दोघांनाही फूल वाहू लागली. गोपिका बाजारातून येताना दारातूनच ते पाही आणि तिला वाटे, आता मागण्यासारखं काही राहिलं नाही.

फक्त फोटो तेवढा तिरपा आला होता. मोबाइल वाकडा धरला गेला होता आणि फ्रेमवाला म्हणाला होता, सरळ काढून आणा, मग मोठा छापून देतो. म्हणून ती पुन्हा वाचनालयात गेली. प्रभाकररावांनी डिसेंबरचा गठ्ठा काढून दिला आणि कौतुकानं म्हणाले, "जानेवारीचाही देऊ का? सवय लागली असेल आता."

सवय लागलीच होती. तिनं फोटो सरळ काढला आणि जानेवारीचा गठ्ठा पुढ्यात ओढला. लढाई जिंकून झाली होती, अक्षरं पुन्हा लहान झाली होती. आता मनात धाकधूक नव्हती. तीळगुळाच्या दिवसांत साखर मिळेल की नाही, यावर कुणीतरी लिहिलं होतं, ते तिनं मजेत वाचलं. सात तारखेच्या आतल्या पानावर, अगदी खाली, निविदेच्या शेजारी छोटी चौकट होती.

'दि. ३० डिसेंबरच्या अंकात जवान रूपराव डायगव्हाणे व जवान लहानू भोयर यांच्या छायाचित्रांखालील नावांची नजरचुकीने अदलाबदल झाली. वाचकांनी कृपया दुरुस्त करून वाचावे. — संपादक'

तिनं ते किती वेळा वाचलं त्याला हिशेब नाही. मग तिला आठवलं, आईचे सासरे नागपूरला भांडायला गेले होते. पोराचं प्रेत मिळालं नाही, आणि पेपरात तोंड छापलं तेही परक्याचं. म्हातारा एवढ्या लांब जाऊन भांडला आणि ही दोन ओळींची चौकट घेऊन आला. घरात आठव्या महिन्यातली सून होती, म्हणून त्यानं तिला काहीच सांगितलं नाही.

तिनं गठ्ठा प्रभाकररावांकडे सरकवला. त्यांनी वाचलं, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"घाईचं काम असतं हो पेपरचं," ते म्हणाले. ते त्यांना स्वतःलाच फार पटलं नसावं.

"हे दुरुस्त कसं करायचं, सर?"

प्रभाकररावांनी आयुष्यभर मुलांच्या वह्या दुरुस्त केल्या होत्या. त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलून पुसायला घेतला.

गोपिकानं डिसेंबरचा गठ्ठा पुन्हा उघडला आणि उजवीकडचा फोटो पहिल्यांदा नीट पाहिला. बारीक चणीचा पोरगा. गालफडं वर आलेली. डोळे उन्हानं बारीक झालेले. कान डोक्याला चिकटलेले. तिनं त्यात स्वतःला शोधलं, पिंकीला शोधलं, काहीच सापडलं नाही. जन्मभर ज्या चेहऱ्यासाठी जीव तुटला तो समोर होता आणि तिच्या आत काही हललं नाही. तिनं मनातल्या मनात 'बाबा' म्हणून पाहिलं, तर बापूराव डोळ्यांपुढे आले. याला काय म्हणायचं हेही तिला ठरवता येईना. तिला त्या मोठ्या कानांचाच लळा लागला होता, आणि ते कान मामाकडे वाढलेल्या कुणा पोरक्या लहानूचे होते, ज्याला मेल्यावर इतक्या वर्षांनी एक म्हातारी रोज फूल वाहत होती. त्या लहानूचं भलं झालं, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी आपल्या बापाच्या कपाळी तेवढंही नव्हतं याचं तिला रडू आलं.

स्टेशनजवळच्या दुकानातून तिनं उजवीकडच्या फोटोची प्रत काढून घेतली. ऑटोत बसल्यावर पाकीट मांडीवर ठेवून ती विचार करत राहिली. आईला सांगायचं की नाही? फूल खोचताना आईचा चेहरा कसा असतो ते तिला दिसत होतं. चटणी, मिशा, एसटी, कपाळावरचा हात, हे सगळं खरंच रूपरावाचं होतं की त्या फोटोकडे पाहून आईनं जुळवलेलं होतं? एवढं वय झालेल्या बाईच्या हातून हे काढून घ्यायचं म्हणजे पाप होतं. पण न सांगावं, तर दुसरीच गोष्ट होती. हा उजवीकडचा माणूस आपला बाप आहे, याला साक्ष फक्त पेपरची होती, आणि पेपरची साक्ष कशी असते ते तिनं पाहिलं होतं. रूपरावाला डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता जगात एकच होतं. आईनं एकदा म्हणावं, हेच. मग लळा लागेल. न लागून जातो कुठं? नालवाडी येईपर्यंत तिचं ठरलं. फोटो आईच्या हातात द्यायचा, आधी काही बोलायचं नाही. आईला ओळख पटली, तर सगळं सांगायचं.

मनकर्णाबाई अंगणात उन्हाला पाठ देऊन वालाच्या शेंगा सोलत बसली होती. गोपिका तिच्याजवळ खाली बसली आणि पाकिटातून फोटो काढला.

"माय, हा पाह्य बरं."

मनकर्णाबाईनं हात लुगड्याला पुसले आणि फोटो घेतला. जवळ धरला, लांब धरला, उजेडाकडे फिरवला. गोपिका आईच्या तोंडाकडे पाहत होती. एवढ्या एकटक तिनं आईकडे कधी पाहिलं नसेल. मनकर्णाबाईच्या कपाळाला एक आठी पडली आणि ओठ जरा हलले.

"कोण व हा?" मनकर्णाबाई म्हणाली.

गोपिका आणखी जवळ सरकली. "नीट पाह्य ना माय. डोयाकडं पाह्य."

"पाह्यलं ना. नाई ओयखत मी. कोणाचा पोरगा हाय?"

घरात भिंतीवर मोठ्या कानांचा पोरगा हसू दाबून होता. त्याच्या फ्रेमवरचं सकाळचं झेंडूचं फूल दारातून दिसत होतं. गोपिकानं तिकडे पाहिलं आणि मग आईकडे पाहिलं. पुढचं वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं. ते तिनं गिळलं.

"त्याइच्यासंगच होता लढाईत," ती म्हणाली. "तोबी तवाच गेला. पेपरात बाजूलेच छापला होता."

"अरे अरे." मनकर्णाबाईनं फोटो पुन्हा जवळ घेतला आणि अंगठ्यानं त्याच्या गालावरून हात फिरवल्यासारखं केलं. "केवढासाक हाय पाह्य. ऊन लागून राह्यलं त्याच्या डोयाले, कोणी सावलीत तरी उभा कराव का नाई? याच्या मांगं कोणी हाय का?"

"एक पोरगी हाय."

"लगन झालं होतं मंग."

"हव."

"पोरीनं पाह्यलं होतं त्याले?"

"नाई. ती पोटात होती."

मनकर्णाबाईचे डोळे भरून आले, आणि ते ज्या माणसासाठी भरायला हवे होते त्याच्यासाठीच भरले, हे तिला कळलं नाही. तिनं फोटो पदरानं हलकेच पुसला आणि लेकीच्या हातात दिला.

"मंग हा तिले नेऊन दे, गोपिका. कुठीबी राहत असन तरी शोधून दे. बापाचं तोंड पाह्यल्याबिगर कसं होते जिवाले, ते तुले सांगाव लागते का?"

"देतो," गोपिका म्हणाली.

तिनं फोटो पाकिटात घातला, पाकीट मांडीवर पालथं ठेवलं, आणि आईच्या पुढ्यातल्या शेंगा आपल्याकडे ओढून ती सोलायला लागली.